सायलेन्सरवर डबा होता का?

वाचकाचं पत्र: "नमस्कार. मी बार्शी भागातला, वय २८. घरची साडेपाच एकर; सोयाबीन, तूर आणि रब्बीला ज्वारी. आमच्या चुलत चुलत्यांचा मॅसी १०३५ ट्रॅक्टर, १९९८ चं मॉडेल, ते वारल्यापासून चिंचेखाली उभा आहे. सहा पावसाळे झाले. चुलती ८५ हजार म्हणतात. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, 'घेऊन टाक, २० हजारात चालू करून देतो.' वडील म्हणतात, 'भंगार आहे, १५ वर्षं झाली की सरकार असली गाडी जमाच करतं.' मृगाच्या आधी चालू झाला तर भाड्याचे पैसे वाचतील. घ्यावा का? आणि घेतला तर सुरुवात कुठून करावी? (इंजिन जाम आहे की नाही माहीत नाही. बॅटरी नाही. सायलेन्सर उभा आहे.)"

भाऊ,

पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी कंसात टाकली आहे. सायलेन्सर उभा आहे. मग त्याच्या तोंडावर झाकण, पत्र्याचा डबा, निदान प्लॅस्टिकची पिशवी तरी होती का? एवढं एक चुलतीला विचारा, म्हणजे निम्मं निदान तिथेच होईल.

कारण सांगतो. १०३५ चं इंजिन तीन सिलिंडरचं. ते कुठेही थांबलं तरी एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बहुधा उघडाच राहतो. सायलेन्सरच्या तोंडात पडलेलं पावसाचं पाणी पाइपातून मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना जोडणारा नळ), तिथून त्या उघड्या व्हॉल्व्हमधून थेट पिस्टनच्या डोक्यावर जातं आणि तिथेच बसून राहतं. पिस्टनच्या रिंगा गंजतात आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरतात. बाकीचे दोन सिलिंडर चकचकीत आणि एक असा, की पिस्टन काढायला लाकडी ठोकळा आणि घण लागावा. जाणता माणूस ट्रॅक्टर उभा करताना सायलेन्सरवर डालड्याचा डबा उलटा घालायचा तो यासाठी. आमच्याकडे कितीतरी ट्रॅक्टर त्या एका डब्यामुळे वाचले.

मी स्वतः एकदा या पाण्याने पोळलो आहे. चार वर्षं उभा असलेला ट्रॅक्टर घेतला, पुली हाताने थोडी हलली, मी खूश. बॅटरी आणायचा कंटाळा, म्हणून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला साखळी बांधली, टॉप गिअर टाकला आणि क्लच सोडला. एक 'खट्' असा आवाज आला आणि मागची दोन्ही चाकं घसटत गेली. एका सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला. जे काम नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) काढून, पाणी उपसून भागलं असतं त्याला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागलं. तेव्हा पहिली विनवणी: काही झालं तरी हा ट्रॅक्टर ओढून चालू करू नका. मिस्त्री म्हणाला तरी नाही. गावातली चार पोरं "ढकल की" म्हणून गोळा झाली तर त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा.

एवढं घाबरवल्यावर आता उलटं सांगतो. मला या सौद्यात इंजिनाची फारशी धास्ती नाही. १०३५ ला सिम्प्सनचं इंजिन, मूळ वंश पर्किन्सचा. हे मॉडेल इतकं खपलंय की पिस्टन-लायनरचा संच, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट तालुक्याच्या दुकानात मिळतं आणि ते बसवणारे हातही मिळतात. इंजिनाचा खर्च मोठा असला तरी तो आधी विचारता येतो, कागदावर मांडता येतो. मला धास्ती आहे ती सीटखालच्या धडाची. गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना जोर देणारे दाते), हायड्रॉलिक, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा), ब्रेक. बंद ट्रॅक्टरमध्ये यातलं काहीच चालवून बघता येत नाही. इंजिन चालू झाल्याच्या आनंदात पेढे वाटून होतात आणि आठ दिवसांनी कळतं की लिफ्ट नांगर उचलत नाही आणि तिसरा गिअर सुटतोय. मिस्त्रीचे २० हजार 'चालू' करण्याचे आहेत, 'कामाला लावण्याचे' नाहीत. तो खोटं बोलत नसेल, पण तुम्ही विचारलंत तेवढंच त्याने सांगितलं.

म्हणून बघायला जाल तेव्हा आधी मागून सुरुवात करा. सोबत एक जॅक, लाकडाचे दोन ओंडके, पान्यांचा संच, टॉर्च, पांढरं फडकं आणि एक काचेची रिकामी बाटली घ्या. सकाळी जा, घाई नको. आणि अनुभवी माणूस न्यायचा तर काम घेणारा मिस्त्री नेऊ नका, दुसरा न्या.

गिअर लिव्हरच्या बुडाशी असलेला रबरी बूट बघा. तो फाटलेला असेल तर सहा पावसाळ्यांचं पाणी तिथून आत झिरपलं असणार. फर्ग्युसनच्या पद्धतीत हायड्रॉलिकचा पंप मागच्या घरातच तेलात बुडालेला असतो. म्हणजे गिअरचं तेल आणि लिफ्टचं तेल एकच, आणि पाणी शिरलं की दोन्हीकडे. आता खालचा ड्रेनचा नट हळूहळू सैल करा, पूर्ण काढू नका. तेल जड, पाणी त्याहून जड, त्यामुळे सहा वर्षं निवांत बसलेलं पाणी तळाला असतं आणि आधी तेच येतं. बाटलीत धरा. पहिले दोन-चार थेंब पाण्याचे आले तर कपाळाला हात लावू नका, तेवढी दमट हवा आत जमतेच. पण ग्लासभर पाणी आलं आणि मागून ताकासारखं पांढरट तेल आलं, तर बेअरिंगा आणि पंप दोन्ही खोलावे लागतील असं धरून चाला. ते तेल फडक्यावर ओता आणि उन्हात धरा. बारीक चमचम असेल तर ती झीज आहे, जुन्या यंत्रात ती असायचीच. नखाएवढा कपचा सापडला तर तो कुठल्यातरी दात्याचा आहे. माझ्या मते तिथेच नमस्कार करून परत यावं.

मग एक मागचं चाक जॅकवर उचला. दुसऱ्या चाकाला आणि पुढच्या चाकांना दगड लावा, आणि उचललेल्या बाजूला ओंडका ठेवल्याशिवाय खाली डोकं घालू नका. न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा. करकर, अडखळ, 'टक्' असं काही जाणवतं का ते आवाजापेक्षा हाताला जास्त कळतं. आता गिअर एकेक करून टाका. प्रत्येक गिअर पडतो का आणि पडल्यावर चाक अडतं का ते बघा. शेवटी टॉप गिअर टाकून चाकावर जोर द्या. इथे इंजिनाची पहिली खरी बातमी मिळते. कॉम्प्रेशनने अडलं असेल तर चाक रबरासारखं थोडं जातं आणि सोडल्यावर परत येतं. जाम असेल तर भिंतीला ढकलल्यासारखं वाटतं. आणि चाक सहज गरागरा फिरलं तर हरखू नका, क्लच प्लेट गेली असेल किंवा कॉम्प्रेशनच उरलं नसेल.

बाकी नजरेने बघायचं. गिअरबॉक्स आणि क्लचच्या घराच्या जोडावर वेल्डिंगची रेघ आहे का? पुढच्या अ‍ॅक्सलची मधली पिन किती हलते? स्टीअरिंग किती फुकट फिरतं? मागचे टायर १३.६-२८ किंवा १२.४-२८ असतील. टायरवरचे उंचवटे चांगले दिसले तरी कडेला बोटाने दाबून बघा, सहा वर्षं उन्हात उभा राहिलेला टायर चिरतो. मागच्या जोडीची किंमत दुकानात विचाराल तेव्हा कळेल की चुलतीच्या ८५ हजारातला मोठा वाटा टायरच ठरवणार आहेत.

इंजिनाचं ऑइल बघायला गेज काढा. खुणेच्या बरंच वर असेल तर पाणी किंवा डिझेल आत उतरलंय. इथेही ड्रेन नट सैल करून बाटली धरा.

आता वडिलांचं म्हणणं. १५ वर्षं झाली की सरकार ट्रॅक्टर जमा करतं, ही पारावरची बातमी आहे. दिल्ली परिसरातला डिझेल गाड्यांचा दहा वर्षांचा नियम आणि सरकारी खात्यांच्या स्वतःच्या गाड्यांचा पंधरा वर्षांचा नियम या दोन्हींची ती खिचडी झाली आहे. शेतीचा ट्रॅक्टर हे कायद्याने वाहतुकीचं वाहन नव्हे. त्याची नोंदणी पहिली १५ वर्षं आणि नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढवून मिळते. पण वडील अगदीच चुकले नाहीत. १९९८ चा म्हणजे २०१३ ला पहिली मुदत संपली. तेव्हा नूतनीकरण केलं असलं तरी २०१८ ला दुसरी संपली, आणि त्यानंतर चुलत्यांना सवड मिळाली का ते आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, बघूनच कळेल. मुदत संपलेली असेल तर ट्रॅक्टर तपासणीला हजर करावा लागतो, आणि तो स्वतःच्या पायांनी गेला पाहिजे. म्हणजे कागद नीट व्हायला ट्रॅक्टर चालू पाहिजे, आणि पैसे मात्र ट्रॅक्टर चालू व्हायच्या आधी द्यायचे. या गाठीमुळे अनेक जुने ट्रॅक्टर वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर पळताहेत, आणि अपघात झाला की मूळ मालकाच्या दारात पोलीस येतात.

तुमच्या बाबतीत मूळ मालक हयात नाहीत. आधी वारसाच्या नावावर नोंद (नमुना ३१), मग चुलतीकडून तुमच्या नावावर (नमुने २९ आणि ३०). चुलतीला मुलं असतील तर सगळ्यांची लेखी संमती घ्या, पुण्या-मुंबईला असतील तरी घ्या. आज "आम्हाला काय करायचाय तो खटारा" म्हणणारा भाऊ, ट्रॅक्टर रंग लावून दारात उभा राहिला की "तो आमच्या वडिलांचा" म्हणतो. आरसीवर बँकेचं नाव आहे का बघा. कर्ज फिटलं असलं तरी बँकेकडून नमुना ३५ आणि ना-हरकत आणल्याशिवाय ते नाव निघत नाही. ट्रॅक्टरच्या कर्जाला पुष्कळदा जमीन तारण दिलेली असते, म्हणून चुलतीच्या सातबाऱ्यावर बोजा राहिलाय का तेही एकदा डोळ्याखालून घाला. राहिला असेल तर त्यांनाच सांगा, त्यांच्या कामाची गोष्ट आहे. आणि चेसिसवरचा आणि इंजिनवरचा नंबर खरवडून, कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि आरसीशी जुळवा. इंजिन बदललेलं असेल तर ते आजच कळलेलं बरं.

किंमत कशी ठरवायची? तुमच्या भागात याच सालचा, कागद चोख असलेला चालू १०३५ कितीला जातो ते तीन ठिकाणी विचारा. त्यातून पूर्ण इंजिनकाम, डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन (मोजून जुळवणी), क्लच प्लेटचा संच, बॅटरी, मागचे टायर, हायड्रॉलिकची दुरुस्ती आणि आरटीओचा खर्च वजा करा. हे आकडे अंदाजाने नाही, दुकानात जाऊन वहीत लिहून आणा. जे उरेल त्यातून अजून थोडं तुमच्या श्रमाचं आणि न दिसलेल्या दोषाचं काढा. तो आकडा ८५ च्या बराच खाली आला तर मला आश्चर्य वाटणार नाही. इंजिन मोकळं निघालं तर तो तुमचा नफा, पण सौदा करताना ते जाम आहे असंच धरायचं.

मात्र समोर चुलती आहेत, बाजारातला दलाल नाही. त्यांच्यासमोर ट्रॅक्टरला नावं ठेवत बसू नका. त्या ट्रॅक्टरवर त्यांच्या माणसाचा हात फिरलाय. वही दाखवा, हिशेब दाखवा, आणि पैसे दोन टप्प्यांत द्या: निम्मे उचलताना, निम्मे आरसी तुमच्या नावावर झाल्यावर. स्टॅम्पपेपरवर लिहा. नात्यात लिहून घेणं वाईट दिसतं असं कुणी म्हणालं तर चुलतीच्या बाजूनेही ते हिताचं आहे हे सांगा; उद्या तुमच्या हातून काही झालं तर निस्तरायला त्यांना लागू नये.

घेतलात, तर सुरुवात अशी. तिन्ही नोझल काढा. भोकातून सलाइनची नळी आणि मोठी सिरिंज घालून काही निघतं का बघा. पाणी निघालं तर सगळं उपसा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा कप डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं मिसळून ओता, भोकांवर फडकं कोंबा आणि आठ दिवस विसरून जा. विसरणं हेच अवघड काम आहे. रोज संध्याकाळी पाना लावून बघायचा मोह होतो आणि पुलीचा नटच तुटतो. आठ दिवसांनी टॉप गिअर टाकून चाक पुढे-मागे हलकं झुलवा. एक बोटभर हललं तरी पुरे, दुसऱ्या दिवशी दोन बोटं हलेल. पंधरा दिवसांतही ढिम्म राहिलं तर हेड उतरवा. जबरदस्ती करू नका.

मोकळं झालं की रॉकर कव्हर काढा आणि इंजिन हाताने फिरवत प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतो का ते बघा. अडकलेल्या व्हॉल्व्हवर थेंबथेंब ऑइल सोडा. एक व्हॉल्व्ह वर यायचा राहिला आणि तुम्ही सेल्फ मारलात, तर व्हॉल्व्ह किंवा त्याला ढकलणारा पुशरॉड वाकतो.

टाकीतल्या जुन्या डिझेलला हात लावू नका, ते चिखल झालेलं असतं. पाच लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनापेक्षा उंच टांगा आणि तिथून नळी द्या. फिल्टर नवे. इंजिन ऑइल नवं. एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइलही बदला आणि त्याच्या पाइपात हात घालून बघा. सहा वर्षांत तिथे उंदराने संसार थाटलेला नसेल तर नवल. डिझेलचा पंप रोटरी असेल तर तो डिझेलवरच वंगण घेतो, म्हणून इतका काळ उभा राहिला की आतला व्हॉल्व्ह चिकटतो. तो घरी खोलायचा नाही. पंप आणि नोझल सरळ कॅलिब्रेशनवाल्याकडे द्या. या एका कामात पैसे वाचवायला जाऊ नका.

नोझल बाहेर असतानाच सेल्फ मारून ऑइलचं प्रेशर चढतं का ते बघा. भोकांतून डिझेलचे फवारे उडतात, तेव्हा बाजूला उभं राहायचं आणि जवळ कुणी बिडी ओढत नाही ना ते बघायचं. प्रेशर आलं की नोझल बसवा आणि एअर काढा: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचे, फीड पंपाची दांडी हलवत, फेस जाऊन स्वच्छ धार येईपर्यंत. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट सैल करून सेल्फ. त्या धारेवर बोट धरायचं नाही. नोझलची धार कातडीतून आत शिरते, आणि ती जखम वरून टाचणीएवढी दिसत असली तरी थेट दवाखान्याची असते.

पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि तोंडाशी एक जाड फळी घेऊन धीराचा माणूस उभा करा. पंप फुल डिझेलवर अडकला असेल तर इंजिन सुसाट सुटतं आणि स्टॉपची दांडी ओढली तरी ऐकत नाही. तेव्हा हवेच्या तोंडावर फळी दाबली की मरतं. हात नाही, पोतं नाही. दोन्ही आत ओढले जातात. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना हे दोनदा बघा, कारण क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असेल तर क्लच दाबूनही ट्रॅक्टर उडी मारतो. चालू झाला आणि दहा-पंधरा सेकंदांत ऑइल प्रेशर दिसलं नाही तर लगेच बंद. पांढऱ्या धुराला पहिली पाच-दहा मिनिटं माफ करायची. निळा धूर तासाभरानेही गेला नाही तर रिंगांचं काम आलं.

राहिलं मृगाचं. यंदाच्या पेरणीसाठी भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला आजच सांगून ठेवा. घाईघाईत उठवलेला ट्रॅक्टर भर पेरणीत वाफ्यात बसला तर भाड्यापेक्षा ओल गेल्याचं नुकसान मोठं. हा तुमच्या रब्बीच्या ज्वारीला तयार होईल असं धरा, तोवर रोटाव्हेटर न लावता हलक्या कामांवर चालवून घ्या.

घ्यायचं की नाही ते बाटलीतलं तेल आणि वहीतले आकडे बघून ठरवा. पण वळवाचे दिवस आहेत. आज संध्याकाळी चिंचेखाली जाऊन त्या सायलेन्सरवर एक डबा उलटा घालून या. ट्रॅक्टर अजून चुलतीचा आहे, तरीसुद्धा.